दोन बोटांची जागा

शाळेत कोणी विचारलं, "मॅडम, सुट्टीत काय करता?" तर मी "चामड्याचं काम करते" एवढंच सांगते. ऐकणारा मनातल्या मनात पर्स, पाकीट, मोबाइलचं कव्हर असं काहीतरी ठरवून टाकतो आणि विषय संपतो. मीही संपू देते. खरं सांगायचं तर पर्स मी आजवर दोनच केल्या, त्याही बहिणींच्या हट्टापायी. माझा छंद वेगळा आहे. मी बांधायच्या वस्तू करते. घोड्याची म्होरकी, लगाम, तंग, कुत्र्याचा गळपट्टा, बकऱ्याचा पट्टा. एकेक, मापानं, हातानं शिवून. ज्याला बांधायचं त्याच्या अंगाचं माप हातात आल्याशिवाय मी चामड्याला रापी लावत नाही.

गेल्या वर्षी माझ्याकडे दोन मागण्या आल्या आणि दोन्ही माणसांसाठी होत्या. एक मी पुरी केली, दुसरी नाकारली. जी केली ती ऐकून निम्मे वाचक नाक मुरडतील आणि जी नाकारली ती ऐकून उरलेले म्हणतील, बाईंना काळीज नाही. माझ्या अम्मीचं आजही तेच मत आहे. म्हणून जरा मुळापासून लिहिते.

अब्बांचा मिरजेत टांगा होता. मिरज हे दवाखान्यांचं गाव. रेल्वेतून उतरणाऱ्या पेशंटांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या भाड्यावर कितीतरी टांगेवाल्यांची घरं चालली, त्यातलं एक आमचं. पुढे रिक्षा वाढल्या, आणि मी सातवीत असताना टांगा गेला, मागोमाग घोडी गेली. साज मात्र अब्बांनी विकला नाही. लगाम, झापडं, तंग, शेपटीखालची दुमची, सगळं पडवीतल्या खुंटीला वर्षानुवर्षं लटकत होतं. घोडी नसलेल्या घरात ते दर महिन्याला एरंडेल लावून साज पुसत. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "जनावर बोलता नईं, उसकी चमड़ी बोलती." घोडीच्या अंगावर कुठं केस झडलेत, कुठं कातडी पांढरी पडली आहे, यावरून साजाचं काय चुकलंय ते त्यांना कळायचं. मला तेव्हा ते जनावराचं कौतुक वाटायचं. ते खरं म्हणजे कारागिरीबद्दलचं वाक्य आहे, हे फार नंतर समजलं.

अब्बा गेल्यावर साजाची शिवण उसवायला लागली. दोरा कुजला होता, चामडं ठणठणीत होतं. मी तो पिशवीत घालून बाजारातल्या तात्यांकडे नेला. तात्या जातीनं चांभार, अब्बांचे जुने दोस्त, साज त्यांच्याच हातचा. पण तोवर त्यांना सुईत दोरा ओवता येईना. त्यांनी साज उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापुढे सरकवला. "तू मास्तरीण हाईस न्हवं? मग शीक की." बी.एड.ला मी पाठाचं टाचण काढायला शिकले होते, हेतू, साधनं, मूल्यमापन असे रकाने भरून. तात्यांच्या शिकवण्यात एकही रकाना नव्हता. ते करायचे, मी बघायचे, मग मी करायचे आणि ते उसवायचे. दीड वर्ष दर रविवारी हे चाललं.

त्यांनी पहिल्यांदा शिकवली ती दोन सुयांची शिवण. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई, आरीनं पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांना अडकून असतात, एक टाका तुटला की पुढचे निसटत जातात. दोन सुयांच्या शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचे आपापल्या जागी घट्ट. घोडा उधळला, लगाम ताणला गेला, आणि तेवढ्यात शिवण उसवली तर गाडीतली माणसं मरतात. म्हणून खोगीर-लगाम करणारे अजून हातानंच शिवतात. मांडीत धरायचा लाकडी चिमटा, मेणवलेला दोरा, इंचाला सहा टाके. एका म्होरकीला माझे दोन शनिवार-रविवार जातात.

मग चामडं. पट्ट्याला कोणतंही चामडं चालत नाही. पोटाकडचं चामडं ओढलं की लांबतं. आज बरोबर बसलेला पट्टा महिन्याभरात सैल होतो. पट्टा काढायचा तो पाठीतून, कण्याला समांतर. आणि कमावलेलंही झाडाच्या सालीनं असावं. आमच्याकडे कोल्हापूरच्या बाजूला म्हशीचं कातडं चुन्यातून काढून, पिशवीसारखं शिवून, त्यात बाभळीची साल आणि हिरडा भरून टांगत. त्या चामड्याला अंग असतं. ते कडक सुरू होतं आणि घामानं, तेलानं, वापरानं ज्याच्या अंगावर असेल त्याचा आकार घेतं. क्रोमनं कमावलेलं चामडं झटपट तयार होतं, पहिल्या दिवसापासून मऊ असतं, पण त्याच्या कडा घासून गुळगुळीत होत नाहीत, आणि पट्ट्यात जखम करते ती नेहमी कड. मधला भाग क्वचितच. कापलेली कड घासून, ओली करून, लाकडानं चोळून काचेसारखी केली नाही तर तो पट्टा नव्हे, ती बोथट सुरी.

आणि सगळ्यात शेवटी माप. तात्यांचा नियम असा: "दोन बोटं गेली पायजेत बघ. तिसरं गेलं तर जनावर निसटतंय, एकच गेलं तर सोलून निघतंय." तंग आवळला की घोड्याच्या छातीखाली पट्ट्यात दोन बोटं सरकवून बघायची. कुत्र्याच्या गळ्याला तेच. पुढे मी इंटरनेटवर परदेशी कारागिरांचे व्हिडिओ पाहिले तर तिकडचे लोकही हेच सांगत होते, दोन बोटं. तात्या कधी मिरजेबाहेर फारसे गेले नाहीत. जनावराचं अंग सगळीकडे सारखंच असल्यामुळे नियमही सारखा निघाला असावा.

या कामावरून मला घरात आणि बाहेर बरंच ऐकावं लागलं. आपण मुसलमान आपल्यात जात नाही असं म्हणतो, पण माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये "मोची का काम" असं म्हणताना जो चेहरा केला त्यात अख्खी जातव्यवस्था होती. बकरी ईदला कुर्बानी करायला पुढे, कातडं मात्र कोणी बोटानं उचलेना. पूर्वी मदरशाची माणसं कातडी गोळा करायला दारात यायची, त्या पैशांवर गरीब पोरांचं भागायचं. आता भाव इतका पडला आहे की बकऱ्याचं कातडं न्यायला कोणी आलं तर नशीब. असो. त्या सहकाऱ्यांना मी दोन गोष्टी ऐकवल्या. एक, दबागत केलेलं, म्हणजे कमावलेलं, कातडं पाक होतं ही हदीस शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. आणि दुसरी, उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) हातानं कातडी कमावायच्या, शिवायच्या आणि त्यातून आलेला पैसा खैरात करायच्या. नबींच्या (स.) घरातलं काम आहे हे, सर. सर गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे, पुढे बोलायची सोय राहिली नाही म्हणून. डुकराच्या कातड्याबद्दलही लोक विचारतात. ते ओळखणं अवघड नाही. त्यावर केसांची छिद्रं तीन-तीनच्या गटानं असतात. बाहेरून आलेलं मऊ अस्तराचं चामडं घेताना मी भिंग लावून बघते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे हातात पट्टा असला तरी डोक्यात शब्द चालू असतात. या कामातले निम्मे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आहेत. लगाम, जीन, रिकीब, चाबूक. "तंग" हा घोड्याचा पट्टाही आणि आवळ, अरुंद हा अर्थही. पण मला खरा चटका दिला तो "अक्ल" या शब्दानं. ऐन, मोठा काफ, लाम. त्याच मुळातून "इकाल" होतो, म्हणजे बसलेल्या उंटाचा पाय दुमडून बांधायची दोरी. आपली मराठी अक्कल त्याच दोरीच्या घरातली. वळवळणाऱ्या मनाला जे बांधून ठेवतं ते अक्कल. "कैद" म्हणजे मुळात पायातली बेडी. आणि निकाहला आपण "अक्द" म्हणतो, त्याचा अर्थ गाठ. म्हणजे बांधणं ही एकच गोष्ट नाही. दोरीतून अक्कल निघते, बेडीतून कैद निघते, गाठीतून लग्न निघतं. तिन्हीत कोणीतरी बांधलं जातं. तिसऱ्यात फक्त विचारलं जातं, आणि ज्याला विचारलं तो "कुबूल" म्हणाला नाही तर गाठ बसतच नाही. आपल्याकडे विचारणं नावापुरतं असतं हे मला ठाऊक आहे. मराठीत तर त्यासाठी शब्दप्रयोगच आहे, पोरगी अमक्याच्या दावणीला बांधली. दावण गोठ्यात असते.

हदीसमध्येही बांधण्याच्या दोन गोष्टी येतात. एक सगळ्यांना पाठ आहे: उंट मोकळा सोडून अल्लाहवर हवाला ठेवू नकोस, आधी त्याला बांध. दुसरी तेवढी बोलली जात नाही. एका बाईनं मांजर बांधून ठेवलं, खायला दिलं नाही आणि आपलं आपण शोधून खायला सोडलंही नाही. ते मेलं, आणि त्यासाठी तिला शिक्षा झाली. माझं सगळं काम या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत चालतं, असं मला वाटतं.

आता पहिली मागणी.

पुण्याहून एका बाईंचा निरोप आला. कुत्र्यासाठी मी केलेला पट्टा त्यांनी मैत्रिणीकडे पाहिला होता. त्यांना मनगटाचे दोन पट्टे हवे होते, आतून मऊ, मधे जोडायला कडी. माप सतरा पूर्णांक पाच सेंटीमीटर. मी भाबडेपणानं विचारलं, कोणत्या जनावरासाठी? पलीकडे थोडा वेळ शांतता, मग हसू, मग स्वच्छ उत्तर: "माझ्या नवऱ्यासाठी. आम्हाला दोघांना आवडतं. तुम्हाला करायचं नसेल तर राग नाही."

मी दोन दिवस मागितले. घरी ह्यांना सांगितलं तर ते इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, "बायकोनं नवऱ्याचं माप तरी नीट घेतलंय." माझं हसणं थोडं उशिरा सुरू झालं. मी चाळिशी ओलांडलेली, सकाळी प्रार्थनेला मुलांपुढे उभी राहणारी बाई. पण जेवढं वाचलं तेवढी भीती कमी झाली. दोन प्रौढ माणसांच्या राजीखुशीनं जे चालतं त्याला जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली मंजूर केलेल्या आजारांच्या यादीतून वगळलं आहे. ती यादी 2022 पासून लागू आहे. म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीनं हा आजार नाही. शरीअतच्या दृष्टीनं काय, ते मुफ्तीसाहेबांनी सांगावं, मी फतवे देत नाही. नवरा-बायकोच्या बंद दाराआड कान लावणंही आपल्या दीनात चांगलं मानलेलं नाही, एवढं मला कळतं.

मी त्या बाईंना फोन केला आणि जे घोड्याच्या मालकाला विचारते तेच विचारलं. किती वेळ बांधणार? ताण कोणत्या दिशेनं येणार? सोडणार कोण? आणि मला थक्क व्हायला झालं, कारण त्यांच्याकडे सगळ्याची उत्तरं तयार होती. अंगाचा भार कधीही मनगटावर टाकायचा नाही. बांधलेल्याला एकटं सोडून खोलीबाहेर जायचं नाही. हाताशी बोथट टोकाची कात्री, दवाखान्यात बँडेज कापायला असते तशी. आणि एक शब्द आधी ठरवलेला, तो उच्चारला की त्या क्षणी सगळं थांबतं आणि पट्टा सुटतो. का, कशाला, असं विचारायचं नाही. मी वीस वर्षं भाषा शिकवते आहे. ज्याचा एकच अर्थ आहे आणि तो ऐकणाऱ्यानं पाळायचाच आहे, असा शब्द मला व्याकरणात सापडलेला नाही. तो कोणता, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग नवऱ्याशी बोलू द्या म्हटलं. ते लाजत बोलले, पण बोलले. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, बाकी काही नाही.

मनगट हा अवघड अवयव आहे, हे तेव्हा कळलं. अंगठ्याच्या बाजूला मनगटाच्या हाडावरून एक बारीक मज्जातंतू कातडीच्या अगदी खालून जातो. पोलिसांच्या हातकड्या जास्त आवळल्या की तो दबतो आणि अंगठ्याची मागची बाजू बधिर होते, कधीकधी कित्येक आठवडे. वार्टेनबर्ग नावाच्या मज्जातंतुतज्ज्ञानं 1932 साली या दुखण्याला नाव दिलं. डॉक्टर लोक त्याला हातकडीचा आजारही म्हणतात. म्हणून पट्टा अरुंद करून चालणार नव्हता. मी तो पाच सेंटीमीटर रुंद केला, म्हणजे ताण पसरेल. बाहेरून तीन मिलिमीटरचं म्हशीचं, आतून बकऱ्याचं पातळ चामडं, आणि आतलं बाहेरच्यापेक्षा थोडं रुंद ठेवून दोन्ही कडांना बाहेर वळवलं, म्हणजे कातडीला कापलेली कड लागणारच नाही. रिव्हेट तांब्याचे, त्यांची डोकी अस्तराखाली. बक्कल स्टेनलेस स्टीलचं. बाजारात चकाकणारी ओतीव बक्कलं स्वस्त मिळतात, ती एक दिवस खाटकन तुटतात. कुलूप हवंय का असं त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. किल्ली ही हरवण्यासाठीच जन्मलेली वस्तू आहे. माझ्या पट्ट्याला असं बक्कल असेल जे एका हातानं, अंधारात, घाबरलेल्या माणसालाही सोडता येईल. ह्यांच्या मनगटावर बसवून पाहिलं. दोन बोटं गेली, तिसरं अडलं. ह्यांना मी आधी विचारलं होतं, हे नमूद करते.

पट्टे पोचल्यावर पंधरा दिवसांनी निरोप आला: डावीकडच्याला एक भोक वाढवून हवं. बस, एवढंच.

दुसरी मागणी आमच्याच गावातून आली, आणि ती यायच्या आधीचं थोडं सांगायला हवं.

अम्मीचे एक चुलतभाऊ होते, आम्ही त्यांना मामूच म्हणायचो. त्यांना आवाज ऐकू यायचे, रात्री-अपरात्री घराबाहेर पडायचे. घरच्यांनी दवाखाना करून पाहिला की नाही ते कोणी धड सांगत नाही, पण दूरच्या एका दर्ग्याजवळ नेऊन ठेवलं हे सगळे सांगतात. मी आठ-नऊ वर्षांची असताना अम्मीबरोबर त्यांना भेटायला गेले होते. उजव्या घोट्यात लोखंडी कडं, कड्याला साखळी, साखळी झाडाला. कड्याखाली कापडाची चिंधी गुंडाळलेली आणि चिंधीखाली ओली जखम. त्यांनी मला ओळखलं, शाळेचं विचारलं, पाढे म्हणून दाखव म्हणाले. मी साताचा पाढा म्हटला. चार वर्षांनी परत आणलं तेव्हा साखळी नव्हती, पण चालताना ते उजवा पाय तसाच थोडा ओढायचे, साखळीच्या लांबीएवढं पाऊल टाकायचे. घोट्याभोवतीचा काळा वण त्यांच्याबरोबर कबरीत गेला.

6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा मी कॉलेजात होते. दर्ग्याच्या परिसरात लोकांनी खासगी चालवलेल्या एका झोपडीवजा केंद्रात मनोरुग्ण साखळ्यांनी बांधून ठेवले होते. पहाटे आग लागली. 28 माणसं गेली, साखळ्या होत्या म्हणून पळता आलं नाही. ती बातमी अम्मीला मी वाचून दाखवली नाही. त्यानंतर कायदा यायला बरीच वर्षं लागली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे की मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधता येणार नाही. दवाखान्यातसुद्धा हातपाय बांधायचे तर तात्काळ धोका टाळायचा दुसरा काही मार्गच नसेल तेव्हाच, डॉक्टरच्या परवानगीनं, लागेल तेवढाच वेळ, नोंद करून. शिक्षा म्हणून कधीच नाही. एकटं कोंडून ठेवणं तर बंदच.

मला या विषयात एक माणूस फार आवडतो. फ्रान्समधला, ज्याँ-बाप्तिस्त प्युसँ नावाचा. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात वेड्यांच्या साखळ्या काढल्या म्हणून पुस्तकांत पिनेल डॉक्टरांचं नाव येतं, पण तिथल्या साखळ्या 1797 साली प्रत्यक्ष काढल्या त्या प्युसँनं. तो डॉक्टर नव्हता. त्याच रुग्णालयात आधी रोगी म्हणून आला, बरा झाला आणि तिथंच कामाला राहिला. त्याआधी त्याचा धंदा काय होता? कातडी कमावणं. साखळ्यांच्या जागी त्यानं अंगाला आवळणारी बंडी आणली, म्हणजे बांधणं पूर्ण सुटलं नाहीच. तरी लोखंडापासून कापडापर्यंत तो आला. कातडी हाताळलेल्या माणसाला कातडीखालचं दुखणं दिसलं असेल, असं मला आपलं वाटतं.

तर आमच्या गल्लीपलीकडचे एक गृहस्थ आले. सज्जन, पाच वेळचे नमाजी, छोटा धंदा. मुलगा एकोणीस वर्षांचा. पुढचं त्यांनी खाली बघत सांगितलं. रात्री निघून जातो, एकदा रुळांवर सापडला. म्हणून दोरीनं पाय खाटेला बांधतात. दोरीनं वळ उठलेत. "तुम्ही घोड्याचं करता, मऊ करता म्हणतात. पायाचा एक पट्टा करून द्या, पैशाचं बघू नका. आणि याला कुलूप बसवा, तो सोडतो." त्यांनी दोऱ्यानं घोट्याचं माप घेऊन आणलं होतं. दोऱ्याला दोन गाठी.

मी विचारलं, त्याला विचारलंत का? ते माझ्याकडे बघतच राहिले. वेड्याला काय विचारायचं?

मी नाही म्हटलं. मला लगेच सुचलेलं कारण तेच होतं, मामूंचा घोटा. पण त्यांना मी ते सांगितलं नाही. सरकारी दवाखान्यात मनोविकाराची ओपीडी असते, टेलि-मानसचा 14416 हा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात, हे सांगितलं. नंबर कागदावर लिहून दिला. सोमवारी मी सुट्टी टाकून बरोबर येते म्हटलं. ते उठले. दारात म्हणाले, "मी पट्टा मागायला आलो होतो, बाई."

अम्मी आतून सगळं ऐकत होती. तिनं माझ्याशी भांडण काढलं ते अजून मिटलेलं नाही. "रस्सी से तो नरम हुएगा ना? बना देती तो तेरा क्या जाता? उस बच्चे का पाँव तो बचता." मामूंच्या जखमेवरची चिंधी तिनंच बदललेली आहे, स्वतःच्या हातानं, त्या झाडाखाली बसून. त्यामुळे तिला मी मानवी हक्क वगैरे ऐकवू शकत नाही. तिचं म्हणणं साधं आहे. आज रात्री तो बांधला जाणारच आहे. मग मऊ पट्टा चांगला की सुंभ?

मी तिला एवढंच सांगू शकले की दोरीला वळ उठतात म्हणून तो माणूस माझ्या दारात आला. वळच उठले नसते तर आला नसता. माझा पट्टा इतका चांगला झाला असता की तो पोरगा वर्षानुवर्षं त्यात राहिला असता आणि कोणाला काही खुपलं नसतं, ना बापाला, ना मला. पुण्याच्या नवऱ्याजवळ एक शब्द आहे. या पोराजवळ पायावरचे वळ आहेत, तेवढंच बोलतं त्याचं अंग. त्यावर मी अस्तर कसं लावू?

अम्मी म्हणाली, "तुझे बोलने को आता बहुत."

सोमवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या सोमवारी मुलाची आई आली, एकटी, आणि आम्ही तिघं गेलो. मुलगा रिक्षात माझ्या शेजारी बसला होता. उंच, हडकुळा, सारखे नखं खाणारा. माझ्या पिशवीतून म्होरकीचा अर्धा शिवलेला पट्टा बाहेर आला होता, तो त्यानं हातात घेतला आणि टाके मोजायला लागला. इंचाला सहा आहेत, मी म्हटलं. त्यानं परत मोजले. "इथं पाच आहेत," म्हणाला. खरंच पाच होते.

ओपीडीत चार तास गेले. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी आईनं सांगितलं, झोपतो आता, बऱ्याच रात्री. बऱ्याच म्हणजे किती, असं मी विचारलं तर तिनं पदर नीट केला आणि भाजीवाल्याकडे वळली. अम्मी त्या घरावरून जाताना अजून मान वळवून आत बघते आणि घरी येऊन मला सांगते, खाट उन्हात टाकली होती, पायथ्याला दोरी होती, किंवा आज दोरी दिसली नाही.